आम्ल, ‘क’ जीवनसत्त्व आणि पेशीतील कॅल्शियम



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ हे व्याख्यान दरवर्षी होते, त्यांनी आम्हांला सातवीत दाखविलेल्या एका प्रयोगापासून सुरुवात करतो. त्यांनी तापीच्या पात्रातला एक शिंपला बशीत ठेवला आणि त्यावर अर्धे लिंबू पिळले. शिंपल्यावर बारीक बुडबुडे उठले. आम्लाने चुनखडी विरघळते, एवढेच त्यांना दाखवायचे होते. तेवढ्यात मागच्या बाकावरच्या एका मुलाने फळ्याचा खडू पुढे केला. त्यावरही लिंबू पिळले, पण बुडबुडा काही उठला नाही. वर्गात हशा पिकला. गुरुजी क्षणभर खडूकडे पाहत राहिले आणि म्हणाले, ‘‘हे मला माहीत नाही. उद्या सांगतो.’’ दुसऱ्या दिवशी त्यांनी सांगितले, की फळ्याचा खडू बहुधा जिप्समचा असतो, चुनखडीचा नव्हे. खडूचे रसायन मी पुढे महाविद्यालयात शिकविले. मात्र ‘उद्या सांगतो’ हे वाक्य मला जेव्हा उच्चारायला हवे होते, तेव्हा ते माझ्या तोंडून निघाले नाही. ती हकिकत पुढे येईलच.

त्या बशीत आम्ल होते, लिंबाबरोबर आलेले ‘क’ जीवनसत्त्व होते आणि शिंपल्यातले कॅल्शियम होते. हे तिन्ही पदार्थ कर्करोगाच्या पेशीत एकत्र आले म्हणजे काय घडते, याचा शोध शास्त्रज्ञांनी गेल्या शंभर वर्षांत कसा घेतला, हा आजचा विषय आहे. विषय मला सुचला तो मी राहतो त्या जागेमुळे. भोपाळहून बैरसिया रस्त्याने उत्तरेकडे निघाले, की युनियन कार्बाइडचा बंद पडलेला कारखाना मागे टाकून आपण करोंदला येतो. करोंदची ओळख दोन गोष्टींनी आहे. एक म्हणजे तेथील धान्याची आणि भाजीपाल्याची मोठी मंडी. दुसरी म्हणजे बाह्यवळण रस्त्यावरचे भोपाळ मेमोरियल रुग्णालय. डिसेंबर १९८४च्या वायुदुर्घटनेतील बाधितांसाठी सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांतून उभे राहिलेले हे रुग्णालय २००० साली रुग्णांसाठी खुले झाले. मंडीत लिंबू आणि आवळ्यांच्या राशी, आणि तेथून थोड्याच अंतरावर रोगाने थकलेल्या माणसांच्या रांगा. या दोहोंच्या मध्ये राहणाऱ्या, रसायनशास्त्र शिकविलेल्या माणसाला शेजारीपाजारी काय विचारत असतील, याची कल्पना आपण करू शकाल.

प्रश्न ठराविक असतात. लिंबूपाण्याने कर्करोग बरा होतो का? खाण्याच्या सोड्याने शरीरातले आम्ल मारले तर गाठ विरघळेल का? ‘क’ जीवनसत्त्वाची सलाईन लावावी का? एक उपाय आंबट आहे आणि दुसरा आंबटाचा वैरी, तरीही दोन्ही एकाच पत्रकावर छापून घरोघर वाटले जातात. याची गंमत वाटावी इतके अंतर त्या माणसांच्या दुःखापासून मला ठेवता येत नाही, कारण एके काळी मीच तसले पत्रक झालो होतो.

सन १९८७. आमच्या एकत्र कुटुंबातील थोरल्या वहिनींच्या गालाच्या आतल्या बाजूस एक पांढरा चट्टा होता आणि त्याला आता कडक कड आली होती. वहिनींना वर्षानुवर्षे मशेरीची सवय होती, आणि जेवणानंतर चुना लावलेले पान लागे. डॉक्टरांनी तुकडा काढून तपासण्यास व नंतर शस्त्रक्रियेस सांगितले. वहिनींना चाकूची धास्ती. त्यांनी मला विचारले, ‘‘भाऊजी, तुम्ही एवढे शिकलात. औषधाने नाही का जाणार हे?’’ दोन नोबेल पारितोषिके मिळविणाऱ्या लायनस पॉलिंग यांचे ‘क’ जीवनसत्त्वावरील लेखन मी त्या सुमारास मोठ्या आवडीने वाचले होते. मी म्हणालो, ‘‘काही दिवस ह्या गोळ्या घेऊन पाहा, अपाय तर काही नाही.’’ चार महिने त्या गोळ्या चघळत राहिल्या. चार महिन्यांनी गळ्याशी गाठ लागली. नंतर शस्त्रक्रिया झाली, किरणोपचारही झाले. दीड वर्षाने वहिनी गेल्या. ते चार महिने निर्णायक ठरले असे कोणत्याही डॉक्टरांनी मला सांगितले नाही, आणि मीही विचारले नाही. पॉलिंग यांचे म्हणणे पडताळणाऱ्या दोन चाचण्यांचे निष्कर्ष १९८७पूर्वीच छापून आले होते, ते वाचण्याची तसदी मी घेतली नव्हती. आज जे सांगतो आहे ते म्हणजे त्या वेळी न केलेला अभ्यास आहे, असे समजावे.

वहिनींच्या रोगाचे मूळ शोधण्याचे काम मराठी माणसांनीच आपल्या देशात फार आधी सुरू केले होते. मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी उघडले. तेथील विकृतिशास्त्र विभागाची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे होती. पाश्चात्त्य ग्रंथांत नसलेले कर्करोग आपल्या लोकांच्या सवयींतून उद्भवतात, हे खानोलकरांनी ओळखले. कमरेला आवळून बांधलेल्या धोतराच्या काचाखालच्या कातडीचा कर्करोग आणि तंबाखू-चुन्याची खैनी जेथे दाबून धरतात तेथील कर्करोग यांची वर्णने त्यांनी १९४५ साली प्रसिद्ध केली. चुन्याचे काम येथे लक्षात घेण्यासारखे आहे. चुना तीव्र अल्क आहे. तो तंबाखूतले निकोटीन मोकळे करतो आणि ते तोंडाच्या अस्तरातून झपाट्याने रक्तात शिरते. सुपारीबरोबर चुना आला, की सुपारीतले तुरट पदार्थ अल्कधर्मी लाळेत हवेशी संयोग पावतात आणि हायड्रोजन पेरॉक्साइड निर्माण करतात. हे १९८०च्या दशकात फ्रान्समधील लियाँ येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेतील प्रयोगांतून दिसले. सोड्याने कर्करोग घालविण्याचा सल्ला देणाऱ्यांनी एवढे तरी ध्यानात घ्यावे, की आपल्या देशातल्या तोंडाच्या कर्करोगाची सुरुवात बहुधा अल्कातच होते. भोपाळच्या कर्करोग नोंदणीत पुरुषांमध्ये जीभ व तोंड यांचे कर्करोग ठळकपणे पुढे दिसतात, आणि गुटख्यावर बंदी घालण्यात १ एप्रिल २०१२ रोजी मध्य प्रदेशाने पुढाकार घेतला, तो उगाच नव्हे.

खानोलकरांच्या विद्यार्थिनी डॉ. कमल रणदिवे यांचे नाव आजच्या विषयात अपरिहार्य आहे. पुण्यात १९१७ साली जन्मलेल्या या पूर्वाश्रमीच्या कमल समर्थ फर्ग्युसन महाविद्यालयातील जीवशास्त्राच्या प्राध्यापकांच्या कन्या. १९४९ साली डॉक्टरेट मिळवून त्या अमेरिकेत बाल्टिमोर येथे जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत गेल्या. ज्या हेला पेशी आज जगभर वाढविल्या जातात त्या १९५१ साली प्रथम जिवंत ठेवणारे हेच गाय. परत येऊन रणदिवेबाईंनी भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात देशातील पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभारली. ऊतिसंवर्धन म्हणजे शरीरातून काढलेल्या पेशी काचेच्या भांड्यात, ठराविक उष्णतेत आणि ठराविक आम्लतेत वाढविणे. यापुढे मी जे प्रयोग सांगणार आहे, त्यांतील बहुतेक या कलेवाचून शक्यच झाले नसते. १९७३ साली भारतीय महिला वैज्ञानिक संघटनेच्या स्थापनेतही रणदिवेबाईंचा पुढाकार होता. परंतु तो विषय वेगळ्या व्याख्यानाचा.

आता आम्लाकडे वळू. १९२०च्या दशकात बर्लिनमध्ये ओटो वॉरबुर्ग यांनी उंदरांच्या गाठींचे पातळ काप घेऊन मोजमाप केले. प्राणवायू भरपूर असतानाही त्या पेशी साखर आंबवून लॅक्टिक आम्ल तयार करीत होत्या. दही विरजताना दुधात जे घडते, तशाच प्रकारचे हे काम. बंद काचपात्रातले हे दृश्य जिवंत प्राण्यातही खरे आहे का, हे कार्ल व गर्टी कोरी या दांपत्याने १९२५ साली पाहिले. एका पंखावर गाठ असलेल्या कोंबडीच्या दोन्ही पंखांतून परतणारे रक्त त्यांनी तपासले. गाठीच्या बाजूच्या रक्तात साखर कमी आणि लॅक्टिक आम्ल जास्त निघाले. प्रयोगाची मांडणी इतकी साधी आहे, की आठवीच्या वर्गातही समजावून सांगता येईल.

आम्लता मोजण्याचे माप म्हणजे पीएच. तो आकडा जितका लहान, तितकी आम्लता अधिक. आपल्या रक्ताचा पीएच ७.४च्या आसपास असतो आणि फुप्फुसे व मूत्रपिंडे तो जिवापाड सांभाळतात. लिंबू खाऊन तो खाली येत नाही आणि सोडा पिऊन फारसा वर जात नाही. गाठीच्या आतल्या, पेशींबाहेरच्या द्रवाचा पीएच मात्र पुष्कळदा ६.५ ते ६.९ इतका उतरलेला सापडतो. ७.४ आणि ६.७ यांत अंतर किरकोळ दिसते. पण हे माप दहाच्या पटींचे आहे, म्हणून त्याचा अर्थ हायड्रोजन आयन पाचपट झाले असा होतो. याहून चमत्कारिक गोष्ट अशी, की कर्कपेशी आपले आम्ल बाहेर फेकते आणि स्वतःच्या पोटात किंचित अल्कधर्मीच राहते. निरोगी पेशीत बाहेरच्यापेक्षा आत आम्लता थोडी जास्त असते. कर्कपेशीत हा क्रम उलटलेला असतो. घरातला कचरा शेजाऱ्याच्या अंगणात टाकून स्वतःचे घर लख्ख ठेवणाऱ्यासारखे हे वागणे आहे, आणि शेजारच्या निरोगी पेशी त्याने मरतात हेही तितकेच खरे.

कॅल्शियमची गोष्ट लंडनमधल्या एका चुकीने सुरू झाली. सिडनी रिंगर हे वैद्य बेडकाचे हृदय क्षारांच्या द्रावणात धडधडते ठेवण्याचे प्रयोग करीत होते. मिठाच्या साध्या द्रावणात हृदय तासन्‌तास चालते असे त्यांनी १८८२ साली जाहीर केले. पण नंतर तोच प्रयोग केला तेव्हा हृदय थांबू लागले. शोध घेता कळले, की आधीचे द्रावण त्यांच्या साहाय्यकाने ऊर्ध्वपातित पाण्याऐवजी नळाच्या पाण्यात केले होते. लंडनचे पाणी जड. त्यात चुन्याचा अंश होता. हृदय चालत होते ते त्या कॅल्शियमच्या बळावर. रिंगर यांनी १८८३ साली आपली चूक छापून मान्य केली. पहिला शोध गेला आणि त्याच्या जागी कितीतरी मोठा शोध हाती आला.

हाडांचे द्रव्य म्हणून ओळखले जाणारे कॅल्शियम पेशीत निरोप्याचे काम करते, हे मात्र विसाव्या शतकाच्या मध्यावर स्पष्ट होत गेले. एल. व्ही. हाइलब्रुन आणि त्यांचे सहकारी यांनी १९४७ साली स्नायूच्या तंतूत निरनिराळे क्षार टोचून पाहिले. कॅल्शियम टोचताच तंतू आखडला. त्याचे कारण आज आपल्याला कळते. पेशीबाहेर मोकळे कॅल्शियम जितके असते, त्याच्या सुमारे दहा हजारावा भागच पेशीच्या आत असतो. पेशी रात्रंदिवस ऊर्जा खर्चून कॅल्शियम बाहेर उपसते, किंवा आतल्या जाळीदार कोठारांत भरून ठेवते. धरण असे भरलेले असल्यामुळे दार किंचित किलकिले झाले तरी आतली पातळी एकदम चढते, आणि त्या चढण्यालाच पेशी निरोप समजते. आखड, स्रव, दुभंग, सरक, मर असे निरनिराळे हुकूम एकच आयन देतो; हुकूम कोणता, हे पातळी कुठे चढली, किती वेळ टिकली आणि किती वेळा उसळली यावर ठरते. १९८३ साली मायकेल बेरिज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोठाराचे दार उघडणारी रासायनिक किल्ली ओळखली. रॉजर त्सिएन यांनी १९८५ साली फ्यूरा-२ हे रंजक तयार केले. त्याने जिवंत पेशीतल्या कॅल्शियमची लाट सूक्ष्मदर्शकाखाली प्रकाशाच्या रूपाने दिसू लागली. आपल्या विषयाला खरे डोळे आले ते येथे.

आता तिसरा पदार्थ, ‘क’ जीवनसत्त्व. आणि येथे मला थोडे रेंगाळायचे आहे. १९२७-२८च्या सुमारास अल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी हे हंगेरियन शास्त्रज्ञ केंब्रिजमध्ये सर फ्रेडरिक हॉपकिन्स यांच्या जीवरसायन प्रयोगशाळेत काम करीत होते. त्यांना संत्री, कोबी आणि जनावरांच्या अधिवृक्क ग्रंथी यांतून एक पांढरा पदार्थ मिळाला. तो साखरेसारखा होता, पण काय आहे हे कळेना. म्हणून त्यांनी ‘मला ठाऊक नाही’ अशा अर्थाचे नाव सुचविले. संपादकांनी ते नाकारल्यावर ‘देव जाणे’ अशा अर्थाचे दुसरे सुचविले. संपादकांनी तेही चालू दिले नाही. पुढे सेगेद येथे मिरचीतून तो भरपूर मिळाला आणि १९३२ साली तोच पदार्थ स्कर्व्ही टाळणारे ‘क’ जीवनसत्त्व आहे हे सिद्ध झाले. १९३७ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

नेमक्या त्याच १९३७ साली हॉपकिन्स यांच्या त्याच विभागात इंदूरची एक मराठी मुलगी येऊन दाखल झाली. कमला भागवत, म्हणजे पुढच्या डॉ. कमला सोहोनी. दुर्गाबाई भागवत यांच्या या धाकट्या भगिनी. मुंबई विद्यापीठाची पदवी १९३३ साली पहिल्या क्रमांकाने मिळवूनही बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत सर सी. व्ही. रामन यांनी केवळ स्त्री म्हणून त्यांना प्रवेश नाकारला होता. कमलाबाई हटल्या नाहीत. अखेर एक वर्षाच्या परीक्षेची अट पत्करून त्या आत गेल्या आणि काम चोख करून दाखविले. केंब्रिजमध्ये रॉबिन हिल यांच्याबरोबर त्यांनी वनस्पतींच्या पेशींत सायटोक्रोम-सी हे श्वसनाचे प्रथिन असल्याचे दाखविले आणि १९३९ साली डॉक्टरेट मिळविली. विज्ञानात डॉक्टरेट मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्रियांपैकी. भारतात परतल्यावर कुन्नूरच्या पोषण प्रयोगशाळेत आणि नंतर मुंबईच्या विज्ञान संस्थेत त्यांनी गोरगरिबांच्या अन्नाचा अभ्यास केला. ताडामाडांपासून काढलेल्या ताज्या नीरेत ‘क’ जीवनसत्त्व आणि लोह असते आणि कुपोषित मुले व गरोदर स्त्रिया यांना ती उपकारक ठरते, असे त्यांच्या कामातून निघाले. त्याबद्दल त्यांना राष्ट्रपतींचे पारितोषिक मिळाले. ‘क’ जीवनसत्त्व ज्याच्या ताटात कमी आहे त्याला ते द्यावे, हे आहारशास्त्राचे काम. गाठ विरघळविण्यासाठी ते द्यावे, हा निराळाच दावा. मी १९८७ साली या दोहोंची गल्लत केली.

कमलाबाईंच्या सायटोक्रोम-सीचा उत्तरार्ध मात्र त्यांनाही कल्पिता आला नसता. १९९६ साली अमेरिकेत शाओदाँग वांग आणि सहकाऱ्यांना आढळले, की हेच प्रथिन तंतुकणिकेतून बाहेर सांडले की पेशी स्वतःचा अंत ओढवून घेते. तंतुकणिकेत कॅल्शियम अतोनात भरले तर हे सांडणे घडू शकते. आणि सांडलेले सायटोक्रोम-सी कॅल्शियमच्या कोठाराचे दार आणखी सताड उघडते, असे २००३ साली दिसून आले. कर्कपेशीला मारू पाहणारी पुष्कळ औषधे याच वाटेने जातात. कमलाबाईंचे निधन १९९८ साली झाले.

पॉलिंग यांच्याकडे येतो. स्कॉटलंडमधील व्हेल ऑफ लेव्हन रुग्णालयाचे शल्यचिकित्सक युअन कॅमेरॉन हे अखेरच्या अवस्थेतील रुग्णांना दररोज दहा ग्रॅम ‘क’ जीवनसत्त्व देत, आरंभी शिरेतून आणि मग तोंडाने. कॅमेरॉन व पॉलिंग यांनी १९७६ साली अशा शंभर रुग्णांची तुलना जुन्या कागदपत्रांतून निवडलेल्या हजार रुग्णांशी केली आणि जीवनसत्त्व घेणारे सरासरी चौपटीहून अधिक काळ जगले असे जाहीर केले. दोष तुलनेतच होता. कोणाला औषध द्यायचे आणि कोणाला नाही हे चिठ्ठ्या टाकून ठरविलेले नव्हते, आणि ‘आता उपाय नाही’ हा शेरा दोन्ही गटांत एकाच टप्प्यावर पडला होता असेही नव्हते. अमेरिकेतील मेयो क्लिनिकने चिठ्ठ्या टाकून, कोणाला काय दिले हे रुग्ण व डॉक्टर दोघांपासूनही लपवून, दोन चाचण्या केल्या. १९७९ आणि १९८५ साली त्यांचे निष्कर्ष आले. लाभ शून्य. पॉलिंग यांनी ते अखेरपर्यंत मान्य केले नाही. त्यांच्या पत्नी १९८१ साली जठराच्या कर्करोगाने गेल्या, ते स्वतः १९९४ साली पुरःस्थ ग्रंथीच्या कर्करोगाने. माणूस थोर होता, यात मला आजही शंका नाही. पण थोरवी हा पुरावा होऊ शकत नाही.

प्रकरण तेथेच मिटले असते. परंतु मेयोच्या चाचण्यांत औषध तोंडाने दिले होते. मार्क लेव्हिन आणि सहकाऱ्यांनी २००४ साली दाखविले, की तोंडाने कितीही घेतले तरी रक्तातील ‘क’ जीवनसत्त्व एका मर्यादेपलीकडे चढत नाही, कारण आतडे कमी शोषते आणि मूत्रपिंड बाकीचे बाहेर टाकते. शिरेतून दिले तर त्या मर्यादेच्या साठपट पातळी काही काळ गाठता येते. इतक्या मात्रेत हे जीवनसत्त्व आपला स्वभाव बदलते. एरवी ऑक्सिडीकरण रोखणारा हा पदार्थ लोह-तांब्याच्या संगतीत स्वतः ऑक्सिडीकृत होऊन हायड्रोजन पेरॉक्साइड घडवितो. सुपारी-चुन्याच्या लाळेत होणारा तो हाच पदार्थ. लेव्हिन यांच्याच गटाने २००५ साली काचपात्रातील अनेक कर्कपेशी या पेरॉक्साइडने मरतात आणि तितक्याच मात्रेत निरोगी पेशी तगतात असे नोंदविले. पेरॉक्साइडने पेशीतील कॅल्शियमची दारे व पंप बिघडतात, कॅल्शियम अनावर चढते आणि पेशीच्या अंताची ती साखळी सुरू होऊ शकते.

आता आम्लाची दुसरी बाजू. पेशीला बाहेरची आम्लता कळते कशी? २००३ साली स्वित्झर्लंडमधील शास्त्रज्ञांनी ओजीआर-१ नावाच्या ग्राही प्रथिनाचे रहस्य उलगडले. पीएच ७.८ असताना ते निद्रिस्त असते, ६.८ला पूर्ण जागे होते. त्याच्या बाहेरच्या अंगावर हिस्टिडीन या अमिनो आम्लाचे काही घटक असतात. आम्लता वाढली, की त्यांना हायड्रोजन आयन चिकटतात, प्रथिनाचा आकार बदलतो आणि आत बेरिज यांची किल्ली कॅल्शियमच्या कोठारात फिरते. मुलांच्या लहान मेंदूत होणाऱ्या मेड्युलोब्लास्टोमा या कर्करोगाच्या पेशींवर ऑक्सफर्डमध्ये प्रयोग झाले. बाहेरचा द्रव आम्लधर्मी करताच पेशींत कॅल्शियमची लाट उठते, हे २००८ साली प्रसिद्ध झाले. म्हणजे कर्कपेशीने अंगणात टाकलेला कचरा तिलाच निरोप होऊन परत येतो, आणि तो निरोप पुष्कळदा वाढीला अनुकूल असतो.

हिस्टिडीन हा शब्द ध्यानात ठेवावा. विजेच्या अगदी हलक्या धक्क्याने उघडणाऱ्या, टी-प्रकारच्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कॅल्शियमच्या वाहिन्या चेतापेशींत असतात आणि कित्येक कर्कपेशींतही आढळतात. व्हर्जिनिया विद्यापीठातील गटाला २००७ साली दिसले, की यांपैकी एका प्रकारची वाहिनी ‘क’ जीवनसत्त्वाच्या अगदी अल्प मात्रेने मंदावते. त्या वाहिनीच्या १९१व्या स्थानावर एक हिस्टिडीन आहे. तो धातूचा कण धरून ठेवतो आणि त्या धातूच्या मदतीने जीवनसत्त्व त्या हिस्टिडीनलाच ऑक्सिडीकृत करते. तो एक घटक बदलला, तर परिणाम नाहीसा होतो. हा प्रयोग कर्करोगावरचा नव्हे, चेतापेशींवरचा आहे. तरीही आम्लाची खूण ओळखणारा आणि ‘क’ जीवनसत्त्वाने दुखावणारा अवयव एकाच जातीचा निघावा, हे मला विलक्षण वाटते.

मग आम्ल आणि जीवनसत्त्व एकत्र आले तर? येथे रसायनशास्त्र थोडे खोडकर आहे. ‘क’ जीवनसत्त्व आपोआप ऑक्सिडीकृत होते ते मुख्यतः त्याच्या दोन हायड्रोजन सोडलेल्या रूपात. ते रूप आम्लता वाढली की घटते, पीएचच्या प्रत्येक एककामागे दहापट. म्हणून धातूंचा हात नसेल, तर गाठीच्या आंबट परिसरात पेरॉक्साइड सावकाश तयार होईल. दुसरीकडे, आम्ल प्रथिनांना चिकटलेले लोह सोडविण्यास मदत करते, आणि सुटे लोह तेच काम वेगाने करविते. एक हात पाय ओढतो, दुसरा पुढे ढकलतो. निष्कर्ष त्या गाठीत किती लोह आहे, किती प्राणवायू आहे, पेशीपाशी पेरॉक्साइड फोडणारे विकर किती आहे यांवर ठरतो. एका काचपात्रातला आकडा उचलून रुग्णाच्या शिरेत टोचता येत नाही, तो यामुळे.

माणसांवरील चाचण्यांचे चित्रही असेच संमिश्र आहे. चीनमध्ये मोठ्या आतड्याचा कर्करोग पसरलेल्या ४४२ रुग्णांवरील चाचणी २०२२ साली प्रसिद्ध झाली. नेहमीच्या औषधांना शिरेतील ‘क’ जीवनसत्त्वाची जोड देऊन एकंदरीत रोगाची वाढ लांबली नाही. फक्त एका विशिष्ट जनुकीय बदलाच्या रुग्णांत काही लाभ दिसला. उलट अमेरिकेतील आयोवा येथे स्वादुपिंडाच्या पसरलेल्या कर्करोगाच्या ३४ रुग्णांत, २०२४च्या वृत्तांतानुसार, अशा जोडीने मध्यम आयुर्मान ८.३ महिन्यांवरून १६ महिन्यांवर गेले. आकडा सुखावतो, परंतु ३४ माणसे म्हणजे आपल्या शाळेतला एक वर्गही भरत नाही. दोन्ही चाचण्यांत नेहमीचे उपचार चालू होते, ‘क’ जीवनसत्त्व त्यांच्या जागी नव्हते. मोठ्या मात्रेची सलाईन निरुपद्रवीही नाही. जी-सिक्स-पीडी या विकराची जन्मतः कमतरता असलेल्यांत, आणि असे लोक आपल्याकडे आहेत, ती तांबड्या पेशी फोडते. मूत्रपिंडात ऑक्झलेटचे खडे साचवू शकते. आणि मधुमेह्याच्या बोटाच्या यंत्रावर साखर खोटीच जास्त दाखविते. सोड्याचेही सांगतो. २००९ साली उंदरांना पाण्यातून सोडा दिल्यावर गाठींची आम्लता घटली आणि रोगाचा प्रसार कमी झाला असे दिसले. ते उंदीर होते, आणि मूळ गाठ सोड्याने विरघळली नव्हती.

करोंदच्या त्या स्मारक रुग्णालयाच्या संशोधन विभागाने २००८च्या सुमारास प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत आयसोसायनेटाने संवर्धित मानवी लसिकापेशींचे काय होते ते तपासले होते. जनुकद्रव्याला इजा, ऑक्सिडीकरणाचा ताण, पेशींचा स्वमृत्यू अशा खुणा तेथे मिळाल्या. रणदिवेबाईंनी मुंबईत रुजविलेली विद्या कार्बाइडच्या भिंतीपासून काही किलोमीटरवर अशी कामी आली, याची मला त्या रस्त्याने जाताना आठवण होते.

गेल्या पावसाळ्यात मंडीतला एक हमाल, साठीच्या आतबाहेरचा, माझ्या ओट्यावर येऊन बसला. जिभेच्या कडेला तीन आठवडे न भरलेली जखम. खिशात ‘क’ जीवनसत्त्वाच्या गोळ्यांची पट्टी, कोणीतरी दिलेली. ‘‘मास्टरसाहब, ये खाऊं तो चलेगा?’’ मी म्हटले, या जखमेचे मला कळत नाही, ज्याला कळते त्याच्याकडे उद्या जाऊ. सकाळी साडेसातला मी त्याच्या दाराशी गेलो. तो पान थुंकून, तोंड धुऊन तयार होता. गोळ्यांची पट्टी त्याने बरोबर घेतली होती, डॉक्टरांना दाखवायला. बाह्यरुग्ण विभागाच्या रांगेत आमच्यापुढे अकरा माणसे होती. आम्ही उभे राहिलो.